पाण्याखालची जाहिरात

आमच्या धंद्यात दुकान आधी बंद पडतं, भिंत मागाहून पुसली जाते. मधल्या काळात त्या भिंतीचं काय होतं, याचा विचार फारसं कोणी करत नाही. लाखांदूरच्या एका गल्लीत मी कधीकाळी ‘सायकल दुरुस्ती’ असं रंगवून खाली मोठा लाल बाण काढला होता. पुढं दुकानदार वारला, त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली आणि शटर कायमचं खाली आलं. तरी पंक्चर झालेली सायकल ढकलत माणसं यायची, बाण पाहायची आणि बंद शटरवर थाप मारायची. एक दिवस शेजारच्या म्हातारीनं मला रस्त्यात गाठलं.

“पेंटरभाऊ, तुमचा तो बाण मिटवा जी. माणसं बंद दारावर थापा मारतेत, अन् मले वाटते आतून कोणी ‘आलो’ म्हणन.”

मी त्याच दुपारी जाऊन बाण मिटवला. हसत गेलो होतो. पण मिटवत असताना मागं कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, तेव्हा वळून पाहायला मन धजलं नाही. शेवटी वळलो तर दूधवाला होता.

या अंकासाठी मला विषय दिला आहे, छोट्या दुकानदारानं जाहिरात कशी करावी. मी भिंती रंगवून पोट भरलं. फ्लेक्स आले तसे ब्रश वाळले. आता दुकानदार मला बसवून चहा पाजतात आणि मोबाईलवर काय टाकू ते विचारतात. म्हणजे हात गेला, तोंड शिल्लक राहिलं. तोंडाला येईल तो सल्ला मी देतोही. पण खरं सांगायचं तर मला जे काही कळलं ते एका भिंतीनं शिकवलं, आणि ती भिंत वर्षातले बरेचसे महिने पाण्याखाली असते.

आधी बाहेरच्यांसाठी धंदा थोडा समजावतो. भिंत निवडणं हे अर्धं काम. दुकानदाराला वाटतं, रहदारीची भिंत चांगली. साफ चूक. रहदारीत माणूस घाईत असतो, तो भिंत पाहत नाही, समोरचा खड्डा पाहतो. जिथं माणूस वाट पाहत उभा असतो, ती भिंत घ्यावी. जवाहरनगरजवळच्या एका मिठाईवाल्याला कारखान्याच्या फाटकासमोरची भिंत हवी होती. मी म्हटलं, सकाळी आत जाणाऱ्याला तुझे पेढे कशाला आठवतील? संध्याकाळी बस जिथं उतरवते तिथं लिही. दमलेला माणूस घरी रिकाम्या हातानं जायला जरा कचरतो. तिथं लिहिलं आणि त्याचं दुकान चाललं. पुढं त्याला ‘शुद्ध तुपातली’ असं लिहून हवं होतं. मी विचारलं, तूप आहे का? तो म्हणाला, थोडं आहे. मी म्हटलं, मग मीही थोडंच लिहितो, ‘शुद्ध’ गाळतो. महिनाभर रुसला होता माझ्यावर.

भिंतीला चुन्याचा हात द्यायचा, निळीत बुडवलेली सुतळी दोन्हीकडून ताणून सोडायची की सरळ रेघ उमटते, त्या रेघांत अक्षरं बसवायची. अक्षरं ऑइलपेंटची, कारण ती ऊनपाण्याला दाद देत नाहीत. आणि माझी एक खास खोड होती, जिच्यामुळं मला आजूबाजूच्या तालुक्यांत काम मिळत गेलं. मी दुकानाच्या नावापेक्षा गावाचं नाव मोठं लिहायचो. ‘टेंभरखेडीच्या लेकीबाळींसाठी’ असं वर भलंमोठं, आणि मग खाली दुकान. दुकानदार कुरकुरायचे. पण स्वतःच्या गावाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत पाहिलं की गाव ती भिंत आपली मानतं. तिच्यावर कोणी शेण थापत नाही, पोरं चिखल फेकत नाहीत. माणसाला दुकान आवडण्याआधी दुकानाला माणूस आवडतो हे दिसावं लागतं. हा सल्ला आजही मोबाईलवाल्यांना देतो.

टेंभरखेडी वैनगंगेच्या काठचं धानाचं गाव. तिथल्या गोदामाची भिंत पक्की, सिमेंटच्या गिलाव्याची, आणि नेमकी एसटी थांब्याच्या समोर. भंडाऱ्याचे पितळी भांड्यांचे व्यापारी गोविंदराव यांनी ती मला रंगवायला दिली. लग्नात मुलीला द्यायचं आंदण, म्हणजे पाणी भरायचे गुंड, घागरी, पराती, हा त्यांचा मुख्य धंदा. गोविंदरावांना तेव्हा नुकताच मुलगा शाळेत घातल्याचं कौतुक. म्हणाले, “माह्या नावासंग पोराचं बी टाका. दुकान त त्यालेच पाहाचं आहे.” म्हणून मी वर गावाचं नाव लिहिलं, त्याखाली ‘पितळी आंदणाचे खात्रीचे दुकान’, त्याखाली ‘गोविंदराव व चिरंजीव रमण’, आणि अगदी तळाशी कोपऱ्यात, पेंटर लोक लिहितात तशी माझी सही: ‘केशव पेंटर, लाखांदूर, बसस्टँडमागे’.

पुढं गोसीखुर्दचं धरण भरू लागलं आणि टेंभरखेडी पाण्यात गेली. माणसं लांब माळावर पुनर्वसनाच्या वस्तीत राहायला गेली. जाताना त्यांनी दारं, खिडक्या, कौलं, छताच्या लाकडी मयाली सगळं काढून नेलं. उरलेल्या मातीच्या भिंती पाण्यानं विरघळवल्या. मी ते गाव विसरलो. रंगवलेली सगळी गावं लक्षात ठेवायला पेंटर काही तलाठी नसतो.

मग काही वर्षांपूर्वी, ऐन लग्नसराईत, रमण माझ्या घरी आला. गोविंदराव वारून बराच काळ झाला होता, दुकान आता तोच पाहत होता. चांगला भरलेला गडी, पण चेहरा उतरलेला. बसला, पाणी प्यायला, आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

“काका, हे पाहा. हे तुमचंच काम आहे ना?”

फोटोत ओल्या चिखलातून वर आलेली एकच भिंत होती. आजूबाजूला काहीच नाही, फक्त पाण्यात उभी वाळलेली पांढरी झाडं. भिंतीवर माझी अक्षरं, आणि ती कालच लिहिल्यासारखी लाल. ते पाहून मला आधी अभिमान वाटला, हे लपवत नाही. मग खाली नजर गेली. भिंतीपुढं मातीच्या घागरींची रांग होती. प्रत्येक घागरीवर फुलं, पुढं तांदूळ.

इकडच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अक्षय तृतीयेला आम्ही पितरांच्या नावानं पाण्याची घागर ठेवतो. फोटोत त्या घागरी ज्या नावांपुढं होत्या ती नावं होती गोविंदराव आणि चिरंजीव रमण.

“बाबा गेले, त्याइचं ठीक आहे,” रमण म्हणाला. “पण मी त इथं तुमच्यापुढं बसून आहो ना, काका? गेल्या साली कोणीतरी मासे धराले गेला, त्यानं फोटो काढला अन् यंदा टाकून देला. आता जिल्हाभर फिरून राह्यला. पोरीच्या लग्नाचं आंदण अशा दुकानातून कोण घेईन? माणसं दुकानासमोर येतेत, मले पाह्यतेत, अन् पुढं चालले जातेत. जशी खात्री करून राहिले का मी आहो का नाई.”

“तू काय म्हणालास त्यांना?”

“काय म्हणू? ‘मी जिवंत आहो’ अशी पाटी लावू का?” तो हसला, पण ते हसू लगेच विझलं. “बायकोनं माह्या नावानं नवस बोलला. अन् खरं सांगू? मले बी आता तसंच वाटून राहिलं. सकाळी दुकानाचं कुलूप काढतो तवा हात आपला नाई वाटत.”

जाहिरात उलटली की दुकान बसतं, हे मी पाहिलेलं होतं. जाहिरात उलटून माणूसच बसायला लागलेला मी पहिल्यांदा पाहत होतो. त्याला भिंत पुसून हवी होती, पाणी वर यायच्या आत. मी खरवडायचा पत्रा, तारेचा ब्रश आणि चुना पिशवीत भरला. चुना नुसता फासून भागलं नसतं, पाण्यात तो धुऊन जातो आणि खालचं ऑइलपेंट पुन्हा हसत वर येतं. खरवडावंच लागणार होतं.

मंगल नावाच्या मासेमार ढिवरानं आम्हाला डोंग्यातून नेलं. भर दुपार होती, वाऱ्याचं नाव नव्हतं. पाणी इतकं स्थिर की वल्ह्याचा आवाजसुद्धा नको वाटावा. एका ठिकाणी मंगलनं वल्हं थांबवलं आणि पाण्यात बोट दाखवलं.

“इथं एसटी थांबे,” तो म्हणाला. “आपण रस्त्यावरूनच जाऊन राहिलो जी.”

रमण डोंग्याच्या मधोमध सरकून बसला. मी खाली पाहिलं. काही दिसत नव्हतं, पण पायांखाली रस्ता आहे हे कळल्यावर पाय आखडून घ्यावेसे वाटले. मग भिंत दिसली. ज्यांच्यासाठी मी ती लिहिली होती ते सगळे निघून गेले होते, आणि ती तरीही थांब्याकडं तोंड करून उभी होती. माझं पोट भिंतींवर भरलं, पण कुठल्याही भिंतीनं माझ्याकडं अशी वाट पाहिल्यासारखं पाहिलं नव्हतं.

तिथं एक म्हातारी ओल्या फडक्यानं अक्षरांवरचा गाळ पुसत होती. देव धुवावा तशी, वरून खाली, एकेक अक्षर. अक्षरं कालची का दिसत होती ते तेव्हा कळलं. दरवर्षी पाणी उतरलं की वस्तीतल्या बायका येऊन ती धूत होत्या. म्हातारीचं नाव तानाबाई. मंगल तिच्याच गावचा. तिला नातवानं सकाळीच आणून सोडलं होतं. मी पिशवीतून पत्रा काढला तशी ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“कायले आले जी तुमी?”

“भिंत पुसायला, आजी. मीच लिहिली होती.”

“तुमी लिवली?” तिनं मला निरखून पाहिलं. “मंग पुसता काहून? गावाचं नाव एवढंच त राह्यलं.”

मी तिला घागरींचं विचारलं. इथं का ठेवता, वस्तीत घरं आहेत ना? तिला माझा प्रश्न खुळा वाटला असावा.

“तिजेले पितरं येतेत ना. घरं त पाडली. नवी वस्ती त्याइनं पाह्यली नाई. कुटं जातील मंग? इथं येतेत. गावाचं नाव वाचून समजते त्याइले, का हेच आपलं गाव.”

“तुम्हाला वाचता येतं?”

“मले कायले येते? माह्या मालकाले येत होतं. एसटीची वाट पाह्यत उभा राहे तवा हेच वाचून दाखवे.” तिनं गाळाचं बोट भिंतीवर फिरवलं, वरपासून खालपर्यंत, रमणच्या नावावरून, माझ्या सहीपर्यंत. “हे सारं. टेंभरखेडी, टेंभरखेडी, टेंभरखेडी.”

मी आयुष्यात लिहिलेली एकच जाहिरात कोणी इतक्या श्रद्धेनं वाचली होती, आणि ती वाचणाऱ्यांपैकी एकही जण या जगात नव्हता. अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

रमण तोवर मागं उभा होता. तो पुढं आला आणि त्यानं मधल्या ओळीवर हात ठेवला. “आजी, हे टेंभरखेडी नाई. हे माह्यं नाव आहे. रमण. अन् हे माह्या बाबाचं. तुमी सारे दर तिजेले माह्यापुढं घागर ठेवून राहिले.”

तानाबाईला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं फडकं टाकलं आणि त्याचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. नाडी पाहतात तसं नाही, ऊब पाहतात तसं. बराच वेळ सोडलं नाही. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहत होतो, आणि एका क्षणी मलाही धाकधूक वाटली की ती आता काय सांगेल.

“जित्ता आहेस ना, बाप्पा,” ती म्हणाली आणि तिथंच चिखलात बसली. रडायला लागली. “आमी का केलं हे. आमाले का मालूम.”

रमणही बसला तिच्याजवळ. कपड्यांचं, पितळेच्या भांड्यांचं कसलंच भान नसलेला तो व्यापारी त्या गाळात म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून बसला होता. थोड्या वेळानं ती उठली. यंदाच्या घागरीसाठी आणलेले मूठभर तांदूळ घेतले, त्याच्यावरून उतरवले आणि पाण्यात फेकले. “तुह्यं तुले वापस,” ती पाण्याकडं पाहत म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “काढा जी त्याचं नाव. बापाचं बी काढा, बाप बिचारा इथं कायले येईन, त्याचं गाव भंडारा. पण वरतं नका हात लावू.”

मी खरवडलं. दुकान, गोविंदराव, चिरंजीव रमण, सगळं निघालं. लाल भुकटी चिखलात पडत राहिली. स्वतःच्या हातानं लिहिलेलं खरवडताना एरवी मला राग येतो, त्या दिवशी नाही आला. शेवटी मी माझ्या सहीला पत्रा लावला तशी तानाबाईनं माझा हात धरला.

“ते राहू द्या.”

“आजी, ते गावाचं नाव नाही. ते माझं आहे. माझं नाव आणि माझा पत्ता.”

“म्हून त म्हणून राहिली. नुसतं गाव वाचून त्याइनं कोणाले विचारावं? एक त माणूस पाहिजे पत्त्याले.” मग म्हणाली, “मी गेली का मले बी विचाराले कोणी पाहिजे ना.”

मी पत्रा पिशवीत टाकला. आम्ही परत डोंग्यात बसलो. एसटी थांब्यावरून जाताना मंगलनं वल्हं न मारता डोंगा तसाच वाहू दिला.

रमणचं पुढं काय झालं ते सांगायला हवं, कारण सल्ला तिथं आहे. त्याला मोबाईलवर खुलासा टाकायचा होता. मी म्हटलं, अफवेशी मोबाईलवर भांडू नकोस, भांडणानं तीच पुढं जाते. स्वतः जा, माणसांना दिस. तो कल्हईवाल्याला घेऊन नव्या वस्तीत गेला, लिंबाखाली बसला आणि लोकांच्या जुन्या भांड्यांना कल्हई करून दिली. झालेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली, आपण घाबरलो होतो हेही सांगितलं. बायका आधी लांबून पाहत होत्या, मग तानाबाईच हसली आणि सगळ्या हसल्या. धंदा पूर्वीसारखा झाला असं म्हणणार नाही, स्टीलनं आणि घरपोच मागवण्यानं तो आधीच खाल्ला होता. पण त्या वस्तीतल्या मुलींचं आंदण आता त्याच्याकडूनच जातं.

दुकानदार मला विचारतात, मोबाईलवर पत्ता टाकू का. मी म्हणतो, टाक, पण पत्ता टाकलास की दार उघडं ठेवायची तयारी ठेव. कोण वाचेल आणि कोण येईल, ते आपल्या हातात नसतं. लोक मान डोलावतात. त्यांना वाटतं मी गिऱ्हाइकाबद्दल बोलतोय.

भिंतीवर आता दोनच गोष्टी आहेत. वर टेंभरखेडी, आणि तळाशी केशव पेंटर, लाखांदूर, बसस्टँडमागे. माझी ओळ सगळ्यात खाली असल्यानं पावसाळ्यात पाणी चढलं की ती सगळ्यात आधी बुडते आणि उन्हाळ्यात सगळ्यात शेवटी वर येते. वर आली की मंगल फोन करतो, “काका, तुमचं नाव दिसलं जी.” मी बरं म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

तानाबाई गेल्या थंडीत वारली. यंदाच्या अक्षय तृतीयेला मी माझ्या वडिलांच्या घागरीशेजारी दारात आणखी एक घागर ठेवली. बायकोनं विचारलं, ही कोणाची? मी सांगितलं. तिनं त्या घागरीवरही फुलं ठेवली आणि कवाडाची कडी काढून ठेवली. संध्याकाळी घागरीतलं पाणी कमी झालेलं होतं. कच्ची घागर पाझरते, हे मलाही कळतं.

घर बसस्टँडमागं आहे, दिवसभर कोणी ना कोणी येतं. कोणी जुनी पाटी विचारत, कोणी नुसताच पत्ता. पूर्वी थाप पडली की मी आतूनच “कोण आहे?” असं विचारायचो. आता आधी “या” म्हणतो आणि मगच पाहतो कोण आलंय ते.